ऐकू न येणाऱ्यांच्या घरातला मदतनीस कुत्रा : सोलापुरात सुरुवात कुठून करायची

दारावरची बेल वाजली की बहुतेक कुत्री दाराकडे धावतात आणि भुंकतात. ज्याला बेलच ऐकू येत नाही, त्याला त्या भुंकण्याचा काय उपयोग? कर्णबधिरांसाठी तयार केलेला मदतनीस कुत्रा बेल वाजली की आधी माणसाकडे येतो. नाकाने किंवा पंजाने स्पर्श करतो, माणसाने हाताच्या खुणेने ‘कुठे?’ विचारलं की दारापर्यंत घेऊन जातो. गजर, कुकरची शिट्टी, बाळाचं रडणं, घरातल्या कुणाची हाक, सगळ्याला हाच क्रम. आग-धुराचा अलार्म वाजला तर मात्र तो स्पर्श करून तिथेच जमिनीवर पडून राहतो. त्याचा अर्थ, आवाजाकडे जायचं नाही, घराबाहेर पडायचं.

हे काम अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९७०च्या दशकाच्या मध्याला सुरू झालं. ब्रिटनमध्ये १९८२ साली त्यासाठी खास संस्था उभी राहिली. अशा संस्थांत पिल्लू निवडण्यापासून ते माणसाच्या हाती सोपवेपर्यंत दीड-दोन वर्षं सहज जातात. सोलापुरात कुठे तरी जाऊन असा तयार कुत्रा घेऊन यावा, अशी सोय आपल्या हाताशी नाही. पण चांगल्या स्वभावाचा कुत्रा, घरातलं एक धीराचं माणूस आणि काही महिन्यांची नियमित मेहनत असेल, तर दोन-तीन आवाजांची कामं घरीच शिकवता येतात. एकट्याने दिवस काढणाऱ्या माणसाला ती दोन-तीन कामंही फार मोठा आधार देतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी कान तपासा

कुत्र्याचा विचार नंतर. आपल्या शहरात यंत्रमागावर आयुष्य काढलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. मागांच्या शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो, आणि कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी धरलेली कमाल मर्यादा ९० आहे. वर्षानुवर्षं तो खडखडाट झेलला की आधी उंच पट्टीचे आवाज जातात : बेल, शिट्टी, लहान मुलांचं बोलणं. जाड आवाज येत राहतात. ‘ऐकू येतं, पण काय बोलले ते कळत नाही’ ही तक्रार त्यामुळेच असते, आणि घरच्यांना वाटतं की हे मुद्दाम लक्ष देत नाहीत.

सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, किंवा खासगी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख, काढून घ्या. कधी नुसता मळ असतो, कधी पडद्याला भोक असतं, कान वाहत असतो. यावर उपचार आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची घट असेल तर ‘ऐकू कमी येणारी व्यक्ती’ आणि ७० डेसिबलची असेल तर ‘कर्णबधिर’ अशी व्याख्या आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) निघत असेल तर जरूर काढा. कुत्र्यासाठी ते लागत नाही, पण श्रवणयंत्रासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीसारख्या गोष्टींना लागतं.

श्रवणयंत्र मिळालं तर कुत्रा कशाला, असं कुणी विचारेल. यंत्र झोपताना काढून ठेवावं लागतं, आंघोळीला काढावं लागतं, बॅटरी संपते, आणि कान दुखायला लागला की दोन दिवस डब्यात जातं. कुत्र्याचं खरं काम त्या वेळेचं आहे.

कोणते आवाज चुकतात, ते लिहून काढा

आठवडाभर एक वही ठेवा. ऐकू येणाऱ्या माणसाने लिहायचं : कोणता आवाज झाला, किती वाजता, आणि कळला नाही म्हणून काय अडलं. मनात धरलेली यादी आणि वहीतली यादी वेगळी निघते. सिलिंडरवाला बेल वाजवून निघून गेला, कुकर करपला, नातू खालून हाका मारत राहिला. सोलापूरकरांच्या वहीत हमखास येणारी एक नोंद म्हणजे नळाला पाणी आल्याचा आवाज. काही दिवसांआड येणारं पाणी वेळ सांगून येत नाही, आणि ते चुकलं की पुढचे दिवस हंडे-कळशा मोजत काढावे लागतात.

या यादीतून यंत्राने भागतं ते आधी वेगळं काढा. फोनला कंपन आहे. गादीखाली ठेवायचं थरथरणारं गजराचं घड्याळ मिळतं. बेलसोबत लुकलुकणारा दिवा इलेक्ट्रिशियन एका दुपारी बसवून देतो. मराठी बोलणं अक्षरांत उमटवणारी ॲप मोबाईलवर चालतात. एवढ्याने काम होत असेल तर कुत्रा आणू नका. दिवा तुम्ही त्या खोलीत असलात तरच दिसतो, कुत्रा तुम्हाला शोधत येतो; हा फरक ज्याच्या घरात महत्त्वाचा आहे, त्यानेच पुढे वाचावं.

उरलेल्यांतून तीनच आवाज निवडा. बेल पहिली.

घर तयार आहे का?

कुत्रा दहा ते चौदा वर्षं जगतो. त्याला रोज दोनदा फिरवणं, खाणं, लसी, गोचीडाचं औषध, आजारपण, हे सगळं धरा. भाड्याच्या घरात मालकाशी आधी बोला. सोसायटीत राहत असाल तर हे माहीत असू द्या, की भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. तरी भांडून सुरुवात करण्यापेक्षा खालच्या-वरच्या मजल्यावर जाऊन, हा कुत्रा कशासाठी येतोय ते सांगून यावं. लोक समजून घेतात. महापालिकेतल्या नोंदणीची आणि परवान्याची चौकशीही याच वेळी करा.

कर्णबधिर मुलासाठी कुत्रा हवा असेल तर एक गोष्ट स्पष्ट असू द्या : कुत्र्याची जबाबदारी मोठ्या माणसाची. मुलाला सोबत मिळते, त्याचा एकटेपणा कमी होतो, हे खरं आहे. पण त्या मुलाच्या सुरक्षिततेचा भार कुत्र्यावर टाकायचा नाही.

कोणता कुत्रा?

परदेशी संस्था लॅब्रॅडोर, कॉकर स्पॅनियल, लहान पूडल अशा जाती वापरतात. अमेरिकेत निवारागृहातून आणलेली मिश्र जातीची कुत्रीही हे काम वर्षानुवर्षं करत आली आहेत. मला सोलापूरसाठी गावठी कुत्रा सगळ्यात योग्य वाटतो. चलाख असतो, ऊन सोसतो, आजारी कमी पडतो. लॅब्रॅडोर शिकायला उत्तम, पण उन्हाळ्यात त्याला जपावं लागतं. हस्की इथे आणणं म्हणजे त्या जनावराचे हाल. पगसारखी चपट्या नाकाची कुत्रीही उन्हाळ्यात धापा टाकतात. मुधोळ आणि कारवानी ही आपल्याच भागातली देखणी कुत्री, पण ती नजरेने शिकार करणाऱ्या वंशातली आहेत; आवाजाच्या कामाला त्यांची पहिली निवड मी करणार नाही. डाल्मेशियनमध्ये जन्मजात बहिरेपणा बराच आढळतो, त्यामुळे तो घेणार असाल तर आधी कान तपासून घ्या.

जातीपेक्षा स्वभाव पाहा. कुत्रा दुसरीकडे बघत असताना त्याच्यापासून थोड्या अंतरावर फरशीवर एक चमचा टाका. दचकून कोपऱ्यात दडी मारली आणि बराच वेळ बाहेरच आला नाही, तर हे काम त्याला त्रासाचं होईल. दचकला, कान टवकारले, आणि लगेच ‘काय पडलं?’ म्हणून हुंगायला आला, तर तो तुमचा. त्यानंतर तो तुमच्याकडे वळून बघतो का, तेही पाहा. माणसाच्या तोंडाकडे बघणारा कुत्रा लवकर शिकतो. अनोळखी माणसावर धावून जाणारा, राखणीसाठी वाढवलेला कुत्रा घेऊ नका.

पिल्लू घेतलं तर दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडलेलं नको. वर्षा-दीड वर्षाचा, स्वभाव कळलेला कुत्रा मिळाला तर नवख्यांसाठी तो जास्त बरा. पशुवैद्यकांकडे नेऊन लसी, रेबीजची लस, जंताचं औषध आणि नसबंदी यांचं वेळापत्रक ठरवा. कानांची तपासणी खास सांगून करून घ्या. खाज, वास, काळा मळ दिसला तर दुर्लक्ष करू नका. त्याचे कान हेच त्याच्या कामाचं साधन आहे.

शिकवणी

रोज दोन-तीन वेळा, पाच-पाच मिनिटं. यापेक्षा जास्त ताणू नका. मारणं, ओरडणं, विजेचा झटका देणारा पट्टा, यातलं काहीही वापरायचं नाही. मार खाल्लेला कुत्रा आवाज झाला की माणसापासून लांब जातो, आणि आपल्याला तर तो जवळ यायला हवा आहे.

पहिला धडा शाबासकीचा. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या आवाजाचा भरवसा कुत्र्याला नको, म्हणून सगळ्या आज्ञा हाताच्या खुणांनी. अंगठा वर करायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. चार-दोन दिवसांत कुत्र्याला कळतं, की अंगठा दिसला म्हणजे आपलं बरोबर आलं. खाऊ म्हणजे उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा, पनीर, नाहीतर साध्या भाकरीचा तुकडा. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कुत्र्याला विषारी आहेत. शेंगाचटणी लावलेली भाकरी प्रेमाने पुढे करणारे पाहुणे आपल्याकडे घरोघरी येतात. त्या चटणीत लसूण असतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

दुसरा धडा स्पर्शाचा. मुठीत खाऊ धरून मूठ गुडघ्याशी न्या. कुत्र्याने नाक लावलं की अंगठा आणि खाऊ. हळूहळू मूठ काढून घ्या आणि गुडघ्यालाच नाक लावलं तर बक्षीस द्या. मग खुर्चीवर बसून, उभं राहून, पलंगावर पडून हेच करा. रात्रीसाठी नाकाचा स्पर्श पुरत नाही. जाड सोलापुरी चादर पांघरून झोपलेल्या माणसाला तो जाणवतच नाही. त्यासाठी पंजा दंडावर ठेवायला शिकवा. म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते, तेव्हा नखं कापलेली ठेवा.

तिसरा धडा आवाजाचा, आणि इथे ऐकू येणारा मदतनीस लागतो. वायरलेस बेल घ्या. तिचं बटण खिशात ठेवून कुठूनही दाबता येतं आणि सूर कायम तोच राहतो. शिकवताना सूर बदलू नका. आवाज कमी ठेवून बेल दाबा. कुत्र्याने बेलकडे पाहिलं की तिथेच खाऊ. बेल वाजणं ही चांगली बातमी आहे, हे त्याच्या मनात बसू द्या.

मग दोन्ही धडे जोडा. तुम्ही बेलजवळच बसा. बेल वाजते, कुत्रा बेलकडे बघतो, तुम्ही गुडघा पुढे करता, तो नाक लावतो, अंगठा, खाऊ. नंतर हाताने ‘कुठे?’ची खूण करून दोघांनी मिळून बेलपर्यंत जायचं आणि तिथे दुसरा खाऊ. स्पर्शाला एक, पोचवण्याला एक. मग अंतर वाढवा : खोलीच्या टोकाला, शेजारच्या खोलीत, गच्चीवर. कुत्रा जेवत असताना, पेंगत असताना, टीव्ही चालू असताना. एकेक अडचण वाढवायची, दोन एकदम नाही.

सगळ्यात अवघड धडा कुत्र्याचा नाही, घरच्यांचा आहे. बेल वाजली की ऐकू येणारं माणूस सवयीने उठतं, किंवा ‘अहो, दार!’ म्हणून हातवारे करतं. असं चार वेळा झालं की कुत्रा शिकतो, की आपण नाही गेलो तरी चालतं. सरावाच्या वेळी घरच्यांनी जागचं हलायचं नाही, कुत्र्याकडे बघायचंही नाही. ज्या माणसासाठी कुत्रा आहे, त्यानेच उठायचं आणि खाऊही त्यानेच द्यायचा. नातवंडांना हे पटवायला वेळ लागतो. त्यांना बटण दाबायचं काम द्या, मन लावून करतात.

कुत्रा दारात जाऊन भुंकायला लागला तर? भुंकण्याला कुणीच उत्तर द्यायचं नाही. शांतपणे वाट पाहा. तो वळून तुमच्याकडे आला आणि स्पर्श केला की मोठं बक्षीस. खाऊच्या आशेने बेल न वाजताच तो येऊन टोचत असेल, तर हाताची घडी घाला आणि दुसरीकडे बघा. त्याला रागावू नका. दहापैकी आठ-नऊ वेळा पहिलं काम बिनचूक होईपर्यंत दुसरा आवाज सुरू करायचा नाही.

हाकेचं काम वेगळ्या पद्धतीने शिकवायचं असतं. स्वयंपाकघरातून कुणी कुत्र्याला ‘अण्णांना बोलाव’ म्हणायचं आणि त्याने जाऊन अण्णांना स्पर्श करून परत आणायचं. आपल्याकडे एकाच घरात सासूबाई तेलुगू, सूनबाई मराठी आणि शेजारी कन्नड असं चालतंच. घरात कोणतीही भाषा बोला, पण या आज्ञेसाठी एकच शब्द ठरवा आणि तो सगळ्यांनी वापरा. हातांच्या खुणा घरातली कर्णबधिर व्यक्ती भारतीय सांकेतिक भाषेत वापरत असेल त्याच घेतल्या तर उत्तम.

पाण्याच्या आवाजासाठी एक युक्ती आहे. नळ उघडा ठेवून खाली स्टीलची बादली आणि तिच्यात पालथं ताट ठेवा. पहिली धार ताटावर पडली की ठळक आवाज होतो, आणि तो दर वेळी जवळजवळ सारखाच असतो. सरावासाठी मदतनीसाने तांब्याने त्या ताटावर पाणी ओतायचं. बेल पक्की झाल्यावरच याकडे वळा.

धोक्याच्या अलार्मसाठी घरच्या शिकवणीवर विसंबू नका. प्रखर दिवा किंवा गादीखालचं कंपन यंत्र जोडलेला धुराचा अलार्म बसवा आणि रात्री शेजारच्या एखाद्या घरी किल्ली ठेवा. कुत्रा त्या सोयीच्या जोडीला. शिकवायचंच असेल तर अनुभवी प्रशिक्षकासोबत, सगळ्यात शेवटी.

ऊन, दारूकाम आणि रस्ता

एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या पुढे जातो. सकाळी सातच्या आत आणि सूर्य बुडाल्यावर फिरवा. निघण्यापूर्वी हाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून बघा. चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसणार. गोचीड दर आठवड्याला कानात, बोटांच्या फटीत शोधा. गोचीडतापाने चांगली कुत्री जातात.

गड्ड्याच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम, दिवाळी, गणपतीची मिरवणूक, लग्नाच्या वरातीतला डीजे, हे दिवस कुत्र्याच्या सुट्टीचे. माणसाला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त. त्या दिवशी त्याला आतल्या खोलीत, पडदे ओढून, पाण्याच्या भांड्यासह ठेवा आणि कुठल्याही कामाची अपेक्षा करू नका. दिव्याची बेल त्यासाठीच आधी बसवली आहे.

रस्त्यावर हा कुत्रा हॉर्न ऐकून तुम्हाला वाचवेल असं समजू नका. त्याला त्यासाठी शिकवत नाहीत. मात्र त्याचे कान कुठे वळतात ते बघत चाललं की मागून काहीतरी येतंय, एवढं कळतं. त्याच्या अंगावर मराठीत ठळक लिहिलेलं जाकीट घाला : ‘मला कामावर असताना हात लावू नका. माझ्या माणसाला ऐकू येत नाही.’ नवी पेठेच्या गर्दीत दुसऱ्या वाक्याचाच जास्त उपयोग होतो, कारण बहिरेपण कुणाला दिसत नाही. लोक समोर येऊन, तोंड दिसेल असं बोलायला लागतात.

अमेरिका-ब्रिटनमध्ये अशा कुत्र्याला दुकानांत, हॉटेलांत नेण्याला कायद्याचं संरक्षण आहे. आपल्याकडे तो हक्क गृहीत धरून निघू नका. आधी विचारा, जमलं तर ओळखीच्या दुकानापासून सुरुवात करा. रेल्वेत कुत्र्याला सोबत न्यायचं तर पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यातला कूपे किंवा केबिन पूर्ण आरक्षित करावी लागते. नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत जावं लागतं. मुंबईला बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत कान तपासायला निघाला असाल, तर कुत्र्याला घरीच ठेवणं त्याच्यासाठीही सुखाचं.

कुणी ‘पूर्ण ट्रेन केलेला’ कुत्रा विकायला आला, तर प्रमाणपत्र बघत बसू नका. तुमच्या घरी आणायला सांगा, विकणाऱ्याला खोलीबाहेर उभं करा आणि बेल दाबा. कुत्रा नवख्या घरात पहिल्याच दिवशी बुजू शकतो, म्हणून दोन-तीन वेळा वेगवेगळ्या दिवशी बघा. यालाच नकार मिळाला तर व्यवहार तिथेच थांबवा.

शिकून झाल्यावर

काम पक्कं झालं तरी खाऊ पूर्ण बंद करू नका. अधूनमधून, अंदाज येणार नाही असा देत राहा. आठवड्यातून एकदा मदतनीसाकडून चोरून बेल वाजवून घ्या. खरे पाहुणे महिनाभर आले नाहीत तर कुत्रा काम विसरायला लागतो.

आठ-नऊ वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी त्याचे कान तपासा. झोपेत असताना हळू बेल वाजवायची आणि कान हलतात का ते पाहायचं. हलेनासे झाले, तर त्याच दिवसापासून दिव्याच्या बेलवर भिस्त ठेवा आणि कुत्र्याला कामातून मोकळं करा. दुसरा कुत्रा आणायचा असेल तर तो जुन्याला मोकळं करण्याच्या वर्षभर आधी आणावा. जुना काम करत असताना नवा त्याच्या मागे मागे फिरतो आणि बेल वाजली की माणसाकडे जायचं, एवढं तरी त्याच्याकडून उचलतो.